गृहभेटीचे शास्त्र आणि चहाचा प्रश्न

गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या धर्मादाय संस्था अर्ज आल्यानंतर आणि पैसे देण्यापूर्वी अर्जदाराच्या घरी आपला कार्यकर्ता पाठवून तेथील परिस्थितीची जी प्रत्यक्ष पाहणी करतात, तिला या क्षेत्रात ‘गृहभेट’ म्हणतात. ‘गरीब’ कोणाला म्हणावे यावर विश्वस्तांचे एकमत होत नाही, आणि ‘होतकरू’ म्हणजे संस्थेने ठरवलेल्या टक्क्यांपेक्षा दहावीला निदान अर्धा टक्का जास्त मिळवलेला, अशी कामचलाऊ व्याख्या रूढ आहे. अर्जात लिहिलेली गरिबी आणि घरात नांदणारी गरिबी एकच आहे की दोन वेगळ्या आहेत, हे ठरवणे हा गृहभेटीचा जाहीर हेतू असतो. व्यवहारात मात्र कार्यकर्ता कुटुंबाची पाहणी आटोपून उठेपर्यंत कुटुंबाने कार्यकर्त्याची पाहणी केव्हाच पूर्ण केलेली असते, आणि दोहोंपैकी ही दुसरी पाहणी अधिक काटेकोर असते.

महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, एके काळी या व्यवहाराची दिशा नेमकी उलटी होती. माधुकरी मागणारा विद्यार्थी झोळी घेऊन घरोघरचे शिजवलेले अन्न गोळा करी, आणि वार लावून जेवणारा विद्यार्थी आठवड्याचा एकेक वार एकेका घराला वाटून देऊन सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे पानावर बसे. म्हणजे गरिबीच पायी चालत दात्याच्या घरी येई आणि दात्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावे लागत नसे. चौथी पोळी वाढताना मुलगा ‘नको’ किती हळू म्हणतो, यावरून घरच्या बाईंना जे कळे ते आज तहसील कचेरीतून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यावरूनही कळत नाही. पुढे वसतिगृहे झाली, शिष्यवृत्त्या आल्या, आणि दात्याने गरिबाच्या घरी जायचे, निदान कोणाला तरी पाठवायचे, अशी रीत पडली. बाल्टिमोरच्या धर्मादाय संघटनेत काम करणाऱ्या मेरी रिचमंड यांनी १८९९ मध्ये ‘फ्रेंडली व्हिजिटिंग अमंग द पुअर’ हे अशा भेटींचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले, आणि १९३६ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा निघाल्यावर हे शास्त्र आपल्याकडेही रीतसर शिकवले जाऊ लागले. रिचमंडबाईंच्या पुस्तकात कमावता पुरुष, गृहिणी, मुले, आरोग्य, खर्च आणि बचत, करमणूक अशी प्रकरणे आहेत. चहाचे प्रकरण नाही. बाईंना महाराष्ट्राचा अनुभव नव्हता, एवढेच त्याचे कारण असावे.

गृहभेटींचा हंगाम दहावी-बारावीच्या निकालांमागोमाग सुरू होतो, आणि प्रवेश, अर्ज, छाननी यांत पहिले काही आठवडे जात असल्याने तो बरोबर भर पावसात सापडतो. पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत असो, दांडेकर पूल असो की येरवड्याचे लक्ष्मीनगर असो, छत्री उघडली तर ती गल्लीत मावत नाही आणि मिटली तर पत्र्याच्या पन्हाळीचे पाणी अर्जांच्या पिशवीवर अचूक पडते. पत्त्याचा प्रश्न याहून बिकट असतो, कारण आधारकार्डावर गावाकडचा पत्ता, शिधापत्रिकेवर मागच्या घरमालकाचा पत्ता आणि अर्जावर केवळ ‘दत्तमंदिराजवळ’ एवढाच मजकूर असतो. आणि पुण्याच्या वस्त्यांमध्ये दत्तमंदिर शोधण्यापेक्षा दत्तमंदिराजवळ नसलेले घर शोधणे अवघड आहे, ही गोष्ट अर्जाचा नमुना तयार करणाऱ्यांना अद्याप कोणी सांगितलेली नाही. अशा वेळी नळावरच्या बायका हाच एक विश्वसनीय आधार उरतो.

“इथे पवार कुठे राहतात?”

“कुठले पवार? रंगवाले, रिक्षावाले, का कुत्रेवाले?”

अर्जात कुत्र्यासाठी रकाना नसल्याने कार्यकर्ता निरुत्तर होतो. “त्यांची मुलगी यंदा दहावी झाली,” असे तो चाचरत सांगतो.

“मग कुत्रेवालेच. जपून जा हं दादा, दोन आहेत.”

घर सापडले तरी दार उघडेलच असे नाही. बायकांचे गट करून छोटी कर्जे देणाऱ्या वित्तसंस्थांचे वसुलीदार तरुणही पाठीला पिशवी, हातात मोबाइल आणि विजारीत खोचलेला शर्ट अशाच वेषात हिंडत असतात, त्यामुळे जे दार मदतीसाठी ठोठावले जाते तेच सर्वांत आधी बंद होते, आणि आतून एक भरदार पुरुषी आवाज ‘घरात कोणी नाही’ असे कळवतो. याउलट, आलेली व्यक्ती पैसे न्यायला नसून द्यायला आलेली आहे असे एकदा गल्लीत पसरले, की पाच मिनिटांपूर्वी ओस वाटणाऱ्या गल्लीत उभे राहायला जागा उरत नाही.

“साहेब, आमच्या बबल्याचंपण नाव घ्या की.”

“कितवीला आहे?”

“पुढल्या वर्षी अंगणवाडीत घालायचाय.”

आत गेल्यावर पहिला पेच खुर्चीचा. समाजकार्याच्या प्रशिक्षणात कार्यकर्त्याला बजावलेले असते, की कुटुंबाच्या बरोबरीने जमिनीवर बसावे, म्हणजे समतेचे वातावरण निर्माण होते. आणि कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते, की पाहुण्याला जमिनीवर बसवले तर वस्तीत नाचक्की होते. कार्यकर्ता खाली बसू लागतो, तेवढ्यात शेजारच्या घरातून प्लास्टिकची खुर्ची डोक्यांवरून हातोहात येते, कार्यकर्ता ‘नको, नको’ म्हणत सतरंजीकडे सरकतो, आजी ‘असं कसं, असं कसं’ म्हणत त्याचा दंड धरतात, आणि या ओढाताणीत समतेचा विजय झालाच, तर घरातील सर्व मंडळी पाहुणा खाली बसला म्हणून संकोचाने उभी राहतात. मग एकटा जमिनीवर बसलेला कार्यकर्ता मान वर करून साऱ्या कुटुंबाला प्रश्न विचारू लागतो. याला समता म्हणावे की नाही, याचा निर्णय प्रशिक्षकांनी करायचा आहे.

खरा प्रश्न अर्थात चहाचा. बहुतेक संस्थांच्या नियमावलीत ‘लाभार्थी कुटुंबाकडून कोणत्याही प्रकारचा पाहुणचार स्वीकारू नये’ असे एक कलम असते, आणि ते शब्दशः रास्तही आहे, कारण ज्या घरात अर्धा लिटर दूध दिवसभर पुरवले जाते तेथे पाहुण्याने कपभर चहा पिणे म्हणजे पाहणीच्या निमित्ताने त्या गरिबीत स्वतःची भर घालणे होय. परंतु हे कलम लिहिणाऱ्या विश्वस्तांनी ‘नको’ हा शब्द महाराष्ट्रातील कोणत्याही स्वयंपाकघरात ‘थोडा कमी साखरेचा’ असाच ऐकला जातो, हे ध्यानात घेतलेले नसते. या पेचातून सुटण्यासाठी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे ज्या सबबी शोधून काढल्या, त्यांचा अभ्यास उद्‌बोधक आहे. प्रस्तुत लेखक या कार्यकर्त्यांपैकी आहे की नाही, हा मुद्दा येथे गौण मानावा. पुढील वर्णनातील पित्त ऐकीव नाही, एवढे नमूद केले म्हणजे पुरे.

‘आत्ताच घेतला’ ही पहिली आणि नवशिक्याची सबब होय. तिच्यावर ‘कुणाकडं?’ हा प्रश्न ताबडतोब येतो, आणि ‘शेजारी’ असे खरे उत्तर दिल्यास भेटीची सारी दिशाच बदलते. ज्या दोन घरांत नळाच्या वेळेवरून बोलणे बंद आहे त्यांतील एकाचा चहा घेऊन दुसऱ्याचा नाकारणे हा पक्षपात ठरतो, आणि शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळणार, असा निष्कर्ष लगोलग काढला जातो. ‘उपवास आहे’ ही सबब त्याहून घातक, कारण चहा उपवासाला चालतोच, शिवाय आता नुसत्या चहावर कसे भागवायचे म्हणून धाकट्या मुलाच्या हाती नोट देऊन त्याला दुकानात पिटाळले जाते आणि कार्यकर्त्याच्या डोळ्यांदेखत त्या कुटुंबाचा खर्च राजगिऱ्याच्या लाडवांनी वाढतो. ‘शुगर आहे’ म्हणणाऱ्याची अवस्था सर्वांत शोचनीय होते. उकळत असलेला गोड चहा बाजूला ठेवून त्याच्यासाठी बिनसाखरेचा दुसरा टाकला जातो, म्हणजे दूध दुप्पट लागते. आजी मेथ्या भिजवून खाण्याची कृती सांगतात. दारातले शेजारी कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची भुकटी आणि आळंदीजवळचे एक औषध सुचवतात. आणि ‘एवढ्या लहान वयात?’ असे म्हणून ज्या कुटुंबाची दया करायला तो आला होता, ते कुटुंब एकमुखाने त्याची दया करू लागते. वास्तविक त्याला साखरेचा कसलाही त्रास नसतो. तो त्रास हंगामाच्या अखेरीस सुरू होतो.

चहा उकळेपर्यंत अर्जाचे रकाने भरायचे असतात. शिधापत्रिकेच्या रंगापाशीच गाडी अडते. राज्यात १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आहेत, आणि पिवळीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांच्या आत, म्हणजे महिना साडेबाराशे असावे, असे तेव्हा ठरले. आज एका घरच्या धुण्याभांड्यांतच जवळपास तेवढे सुटत असल्याने, नियम अक्षरशः पाळायचा तर पिवळ्या पत्रिकेच्या कुटुंबातील सर्वांनी मिळून वर्षभर एकाच घरची भांडी घासायला हवीत. मासिक उत्पन्नाच्या रकान्यात अंक हवा असतो, आणि सेंटरिंगच्या कामावर, म्हणजे स्लॅब ओतण्याआधी फळ्यांचा साचा उभारण्याच्या कामावर जाणाऱ्या वडिलांकडे मात्र वाक्य असते: “काम लागलं तर असतं.” कार्यकर्ता विचारतो, “महिन्यातून किती दिवस लागतं?” वडील वर पत्र्याकडे, पावसाचा आवाज येतो त्या दिशेला पाहतात आणि म्हणतात, “ह्या महिन्यात?” कार्यकर्ता शेवटी अंदाजाने एक गोल आकडा लिहितो. पत्ता, धंदा आणि माणसे निराळी असूनही साऱ्या वस्तीचे उत्पन्न एकच कसे, याचे आश्चर्य मग कार्यालयात केले जाते.

‘घरातील वस्तू’ या रकान्याला विश्वस्त मंडळात फार महत्त्व असते, कारण गरिबी हे वस्तूंच्या अभावाचे नाव आहे आणि तो अभाव नजरेला नेटका दिसला पाहिजे, अशी सुस्थित माणसाची प्रामाणिक समजूत असते. या रकान्यातील सर्वांत बदनाम वस्तू म्हणजे फ्रिज.

“फ्रिज आहे का?”

“हो, हा काय.”

“चालतो?”

“चालत नाही. उघडतो.”

आई ज्यांच्याकडे कामाला जातात त्या मॅडमनी नवा घेताना जुना देऊन टाकलेला असतो, तो चढावरून वर आणायला चार माणसे लागलेली असतात, आणि वर येईतो त्याचा प्राण गेलेला असतो. परंतु उंदीर आणि गळके छप्पर या दोहोंपासून सुरक्षित असे ते घरातील एकमेव कपाट असल्याने शिधापत्रिका, जातीचा दाखला, गुणपत्रिका आणि वह्या-पुस्तके त्यातच ठेवलेली असतात. अंड्यांच्या खोबणींत खोडरबर आणि शिसपेन्सिली असतात. कार्यकर्ता हे सारे कौतुकाने पाहतो आणि अहवालात खरे तेच लिहितो: ‘फ्रिज : आहे. उपयोग : शैक्षणिक.’ मंडळाच्या बैठकीत या नोंदीवर बराच वेळ खल होतो, आणि एक ज्येष्ठ विश्वस्त ‘आमच्या वेळी फ्रिज नव्हता तरी आम्ही शिकलो’ असे सांगून विषय अधिकच गुंतागुंतीचा करतात.

एव्हाना प्रश्नांचा ओघ उलटा फिरलेला असतो. गाव कोणते, लग्न झाले का, नाही तर का नाही, या क्रमाने सरकत आई आणि आजी अखेर पगाराशी येतात. संस्था पगार न देता मानधन देते, असे कार्यकर्ता आडवळणाने सांगू पाहतो. पण इतरांच्या घरखर्चाचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्या बाईंपुढे आडवळण टिकत नाही, आणि आकडा बाहेर येतोच. काही क्षण कोणी बोलत नाही.

“एवढ्यात भागतं का दादा?” आई हळूच विचारतात. “मग तुम्हीच का नाही भरत तो फॉर्म?”

वर्षाला तेवढी रक्कम म्हणजे तो संस्थेच्या उत्पन्नमर्यादेत सहज बसतो, हे कार्यकर्त्याच्या त्याच क्षणी लक्षात येते. आजींच्या बहिणीच्या नातीचे जे स्थळ इतका वेळ जवळपास ठरत आले होते, त्याचा विषय तेथेच संपतो.

ज्या विद्यार्थ्यासाठी हे सारे चाललेले असते, तो किंवा ती या भेटीत बहुधा कोपऱ्यात बसून असते आणि तिच्या वाट्याची उत्तरे गल्ली देते. ‘पुढे काय व्हायचे आहे?’ या रकान्यासाठी आई ‘डॉक्टर’, वडील ‘सरकारी काहीपण’ आणि दारातून कोणी तरी ‘कलेक्टर लिहा, कलेक्टर’ असे सुचवतो. मुलगी स्वतः एकच वाक्य बोलते, तेही कार्यकर्त्याच्या मोबाइलमधील पाहणीचे ॲप तिसऱ्यांदा अडकल्यावर: “सर, द्या इकडे.” अडलेले काम ती अर्ध्या मिनिटात मार्गी लावते आणि पुन्हा कोपऱ्यात जाते. होतकरूपणाचा याहून ठोस पुरावा कोणत्याही गुणपत्रिकेत नसतो, परंतु त्यासाठी अर्जात रकाना नाही.

भेटीच्या शेवटी छायाचित्र लागते. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि झालेला खर्च दिसावाही लागतो. त्यामुळे जागा व वेळ आपोआप उमटणारे, संपूर्ण कुटुंब आणि घराचा दर्शनी भाग यांचा समावेश असलेले छायाचित्र सक्तीचे झाले आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे चौकटीत मावत नाहीत, म्हणून कार्यकर्ता मोबाइल डोळ्यांसमोर धरून एकेक पाऊल मागे सरकत जातो, आणि सहावे माणूस चौकटीत येते त्याच क्षणी त्याचा पाय गटारात जातो. कुटुंबाने या प्रसंगासाठी लग्नातले कपडे घातलेले असतात, आईंनी नणंदेची पैठणीकाठी साडी नेसलेली असते, धाकट्याच्या डोळ्यांवर कोणाचा तरी काळा चष्मा असतो. छायाचित्र पाहून कंपनीचे अधिकारी विचारतात, “यांना खरंच गरज आहे?” याच भेटीतील दुसरे छायाचित्र, गुडघ्यापर्यंत चिखल झालेल्या कार्यकर्त्याचे, चुकून सोबत गेले तर त्याला मात्र तत्काळ मदत मंजूर व्हावी, असे सर्वांना वाटते.

वर्षातून एकदा विश्वस्त स्वतः येतात. मोटार मुख्य रस्त्यावर थांबते, विश्वस्त प्रत्येक घरात शिरताना पत्र्याच्या त्याच उंचीच्या कडेला डोके आपटून घेतात, आणि आत गेल्यावर प्रत्येक ठिकाणी ‘घर किती स्वच्छ ठेवलंय हो!’ हे एकच वाक्य अशा सुरात उच्चारतात, की घरच्या बाईंना आपल्याकडून नेमकी कोणती अपेक्षा होती असा प्रश्न पडावा. त्यानंतर विद्यार्थ्याला मार्गदर्शन होते.

“पहाटे उठून अभ्यास करावा. किती वाजता उठतोस?”

“चार वाजता, सर.”

“शाबास! काय वाचतोस?”

“वाचायला वेळ नसतो, सर. पेपर टाकायला जातो.”

विश्वस्त क्षणभर थांबतात. “मग पेपर तरी वाचत जा,” असे सांगून ते पुढच्या घराकडे, पुढच्या कडेकडे वळतात.

अशाच एका संस्थेत कार्यकर्त्यांच्या पित्ताच्या तक्रारी वाढल्याने चहाचा विषय अखेर बैठकीपुढे आला. बंदी चालत नाही, सबबी टिकत नाहीत, तेव्हा चहाचाच मोजमापासाठी उपयोग करून घ्यावा, अशी सूचना एका हिशेबी सदस्याने मांडली: जेथे पाहुण्याला दुधाचा चहा मिळेल तेथे गरिबी कमी आणि जेथे कोरा, म्हणजे बिनदुधाचा मिळेल तेथे जास्त, असे समजून कोऱ्या चहाला दहा गुण द्यावेत. सूचना शास्त्रशुद्ध वाटल्याने संमत झाली आणि अर्थातच पुढच्या हंगामाआधी साऱ्या वस्तीला समजली. कुटुंबे आता दूध लपवतील, अशी भीती मंडळाला वाटत होती. प्रत्यक्षात घरोघरी कार्यकर्त्याला पूर्वीपेक्षाही घट्ट, वर साय तरंगणारा चहा मिळाला, कारण दहा गुण गेले तरी चालतील, पण ‘पवारांनी सरांना कोरा चहा पाजला’ हे नळावर ऐकून घेण्याची कोणाचीही तयारी नव्हती. कोरा चहा फक्त एका घरी मिळाला. त्या घरचा थोरला मुलगा हिंजवडीत एका कंपनीत चांगल्या पगारावर लागला होता, घरात वजन उतरवण्याचे वारे शिरले होते, आणि कार्यकर्त्यापुढे काचेच्या कपात लिंबाची फोड घातलेला हिरवट रंगाचा चहा ठेवण्यात आला. दहापैकी दहा गुण मिळवून ते कुटुंब त्या वर्षीच्या यादीत पहिले आले.